भरवसा सॅशेवर, भीती औषधाची: हाडांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात म्हटलं हाडांबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर चिठ्ठ्या काय, व्हॉट्सॲप काय, एवढं आलं की निवडतानाच दमछाक झाली. निम्मे प्रश्न एकाच वळणाचे, कुठली पावडर चांगली, कॅल्शियमची कुठली गोळी भारी. खऱ्या औषधाबद्दल ज्यांनी विचारलं त्यांनी मात्र घाबरत घाबरत विचारलं. माझं मत आधीच सांगून टाकते, गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं संशोधन बघितलं तर आपला भरवसा आणि आपली भीती, दोन्हींच्या जागा चुकल्यात. कसं ते उत्तरांत बघा.

मंडळाने मोफत हाड तपासणी शिबिर घेतलं होतं. मशीनमध्ये टाच ठेवली, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात, मायनस २.८. तिथला मुलगा म्हणाला हाडं ठिसूळ झालीत. वय ५८. तेव्हापासून जिना उतरायची पण भीती वाटते. (एक काकू, शिवाजी पेठ)

काकू, आधी ती चिठ्ठी बाजूला ठेवा आणि जिना उतरा, कठड्याला हात धरून उतरा पण उतरा. टाचेचं मशीन आवाजाच्या लहरी सोडून हाडाचा नुसता अंदाज घेतं. मायनस २.५ ची जी रेघ सगळे सांगतात ती जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली ती डेक्सा तपासणीसाठी (एक्सरेने हाडाची घनता मोजतात ती), खुब्याच्या आणि कंबरेच्या मणक्यांच्या. टी-स्कोअर म्हणजे तरुण धडधाकट माणसाच्या मानाने तुमचं हाड किती उतरलंय तो आकडा. टाचेचा आकडा या रेघेला लावून बघायचा नसतो, त्यावरून फारतर एवढंच म्हणता येतं की बाई, एकदा डेक्सा करून घ्या. ते करा. (आणि शिबिरात मशीनशेजारी गोळ्यांचे डबे विकायला होते का, तेही आठवून बघा.)

डॉक्टरांकडे जाताना आकड्याइतकंच महत्त्वाचं काही सांगायचं असतं आणि ते बायका सांगत नाहीत. पाळी कधी गेली. पिशवी काढली असेल तर कुठल्या वयात, आणि सोबत अंडाशयं पण काढली का, कारण ती पस्तिशी-चाळिशीत गेली तर हाडांची झीज तितकी लवकर सुरू होते. दम्यासाठी नाहीतर संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्यात का. आईचा नाहीतर वडिलांचा खुबा मोडला होता का. आणि उंची. एक आजी मला म्हणाल्या, "परकर हल्ली लांब पडायला लागलाय, धोब्याने ताणला वाटतं." परकर तेवढाच होता, आजी दीड-दोन इंचांनी कमी झाल्या होत्या, एक्सरेत पाठीचे मणके पाचरीसारखे दबलेले. असली मणक्याची फ्रॅक्चर बहुतेक वेळा कळतच नाहीत, माणूस कंबरदुखी समजून बाम लावत बसतो. एक असं फ्रॅक्चर सापडलं की टी-स्कोअर काही का येईना, उपचाराचा विचार करावाच लागतो.

व्हिटॅमिन डी कमी आलं म्हणून सॅशे दिले होते, दर रविवारी एक. दोन वर्षं झाली, मी घेतोच आहे, मेडिकलवाला देतो. आता बायकोला पण चालू केलंय. बरोबर आहे ना? (इचलकरंजी)

नाही. ते सॅशे ६०,००० युनिटचं असतं, आणि खरोखर कमतरता असेल तर साधारण आठ आठवडे देऊन मग डोस उतरवायचा असतो. दर आठवड्याला, दोन वर्षं, चिठ्ठीशिवाय, शिवाय बायकोला न तपासता, हे काही बरं नाही. रक्तात कॅल्शियम वाढलं की मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी, मुतखडा, किडनीवर ताण, सगळं मागून येतं. दोघांनी कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि डीची पातळी तपासून घ्या, तोवर सॅशे बंद.

आता संशोधनाचं. अमेरिकेत व्हायटल नावाचा मोठा अभ्यास झाला, २५,८७१ माणसं, अर्ध्यांना रोज २,००० युनिट डी, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, पाच वर्षांवर चाललं. २०२२ मध्ये फ्रॅक्चरचा हिशोब आला तर दोन्हीकडे फरक नाही. त्याच्याही आधी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला होता, सत्तरीपुढच्या २,२५६ बायका, वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा दणका. त्यांच्यात पडणं १५ टक्क्यांनी आणि फ्रॅक्चर २६ टक्क्यांनी वाढलं. कमी नाही, वाढलं! म्हणून ते लाखो युनिटचं एकदाच मारायचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर दहादा विचार करा.

पण याचा अर्थ डी फालतू आहे असा काढू नका, ते दुसरं टोक झालं. व्हायटलमधली माणसं कमतरता बघून निवडलेली नव्हती, बहुतेकांचं डी मुळात ठीक होतं. आपल्याकडे दिवसभर ऑफिसात नाहीतर लूमच्या शेडमध्ये बसणाऱ्याचं डी खरंच तळाला गेलेलं असू शकतं, आणि फार कमी झालं की हाड मऊ पडतं, मांड्या-खुबे ठणकतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, लहान पोरांचे पाय वाकतात. तिथे डी हेच औषध. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संस्थेने, सांगितलं की धडधाकट माणसाने उगीच डीची तपासणी करत बसू नये, आणि रोजच्या गरजेपेक्षा जास्तीचं डी घ्यायचं तर ते लहान मुलं, गरोदर बायका, पंच्याहत्तरीपुढचे आणि डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे यांनी.

पांढऱ्या रश्शातनं कॅल्शियम मिळतंय का ओ? हात मोडलाय, आजी रोज अळणी (मटण शिजवलेलं पाणी) पाजती. (बारावीतला विद्यार्थी, कागल)

जवळपास नाही. हाडातलं कॅल्शियम पाण्यात विरघळत नाही, कितीही शिट्ट्या काढा. रश्शात वाटलेल्या तिळातून जे येईल तेवढंच. पण अळणीतलं मटण खा, हाड जुळायला प्रोटीन लागतंच. आजीला नाराज करू नकोस.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध प्यायची सवय आहे, वडिलांपासूनची. मुलगा म्हणतो कच्चं दूध बंद करा. उकळल्यावर कॅल्शियम जातं म्हणतात ते खरं का? (वय ६४, रविवार पेठ)

काका, कॅल्शियम हा खनिज, उकळून जातो कुठे. पातेल्यात होतं तेवढंच राहतं. साधारण एका पेल्यात, म्हणजे २०० मिली दुधात, अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तुमच्या वयाला दिवसाची गरज १,२०० मिलिग्रॅम धरतात.

मुलाचं मात्र ऐका, आणि कारण हाडाशीच आहे. गुराढोरांत ब्रुसेला नावाचा जंतू असतो, माणसाला तो कच्च्या दुधातून होतो नाहीतर गोठ्यात वार, गर्भाचं पाणी हाताळताना होतो. ताप येतो-जातो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, अंग मोडून येतं, आणि जंतूची आवडती जागा म्हणजे कंबरेचे मणके आणि माकडहाडाजवळचे सांधे. एक्सरे-एमआरआय बघून टीबी वाटावा इतकं सारखं दिसतं, कित्येकदा टीबीचं औषध चालू होऊन जातं. म्हणून जुनाट कंबरदुखी आणि ताप सोबत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की मी कच्चं दूध पितो, नाहीतर घरी जनावरं आहेत. वासरांना लस आहे, सरकारने २०१९ पासून मोहीम चालवलीय, पण समोरच्या म्हशीला लहानपणी टोचली होती का हे पेला हातात घेऊन कसं कळणार. कट्ट्यावर जरूर जा, गप्पा मारा, दूध किटलीत घ्या आणि घरी येऊन उकळा.

दुधाबद्दल एक चांगली बातमी पण आहे. ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धाश्रमांत सात हजारांवर लोकांवर अभ्यास झाला. निम्म्या ठिकाणी रोजच्या जेवणात दूध, दही, चीज वाढवलं, बाकी काही नाही. २०२१ मध्ये निकाल आला, फ्रॅक्चर ३३ टक्क्यांनी कमी, खुब्याचं ४६ टक्क्यांनी. मूळ आहारात कॅल्शियम आणि प्रोटीन दोन्ही कमी होतं तिथे हा फरक पडला, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं ताट आठवा, चहा-बटर, भात-आमटी, संपलं. दही, नाचणीची भाकरी, अंडं, हे गोळीच्या आधी.

आई ६३ वर्षांची, डेक्सात मायनस २.६. रोज रंकाळ्याला एक फेरी मारते. तेवढं पुरे ना? जिममधला ट्रेनर वजन उचलायला सांगतोय, मला भीतीच वाटते. (राजारामपुरीतून एक ताई)

रंकाळ्याची फेरी हृदयाला, शुगरला, मनाला उत्तम, हाडाला थोडकीच. हाड असं आहे की त्याला सवयीच्या पलीकडचा भार पडला तरच ते वाढायचं मनावर घेतं. ऑस्ट्रेलियातच लिफ्टमोर नावाचा अभ्यास झाला. पाळी गेलेल्या, हाडं उतरलेल्या १०१ बायका, त्यातल्या अर्ध्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास खरंखुरं जड वजन, जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर घेऊन बैठका, डोक्यावर ढकलणं, वर थोड्या उड्या. बाकीच्यांना घरी हलका व्यायाम. आठ महिन्यांनी वजनवाल्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, घरच्या व्यायामवाल्यांची १.२ टक्क्यांनी उतरली. औषधाशिवाय. कोल्हापूरला, तालमीच्या गावाला, बैठकीचं महत्त्व मी काय सांगायचं, फक्त ते आजवर पोरांपुरतं ठेवलं आपण.

पण, आणि हा पण मोठा आहे, त्या बायकांना शिकलेल्या माणसाने समोर उभं राहून करून घेतलं होतं आणि सुरुवात महिनाभर हलक्यावर होती. आधी पाठीचा एक्सरे काढा. मणका दबलेला असेल तर पुढे वाकून वजन उचलणं, पायाच्या अंगठ्याला हात लावणं, हे बंद, आणि फिजिओथेरपिस्टकडून वेगळा व्यायाम बसवून घ्या. नसेल तर ट्रेनरला सांगा खुर्चीवरून उठ-बस आणि दोन पाण्याच्या बाटल्या इथून सुरू कर. आणि व्यायाम चालू केला म्हणून मायनस २.६ ला औषध नको असं होत नाही, ते डॉक्टरांना वेगळं विचारायचं.

आई ७४. बाथरूममध्ये घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, घरी सोडताना कॅल्शियम दिलं. आता दुसऱ्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध सांगितलंय. पाहुणे म्हणतात त्याने जबडा सडतो, मांडीचं हाड मोडतं. घेऊ का नको? पन्नाशीतल्या बहिणीने पण आत्ताच काही घ्यावं का? आणि ते रोमोसोझुमॅब काय असतं? (गडहिंग्लज)

दादा, घ्या. मला सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची येते, की रॉड घातला, टाके काढले, विषय संपला. रॉडने मोडलेलं हाड जुळलं, पण ज्या आजाराने ते मोडलं तो आजार तसाच आहे, आणि पुढच्या फ्रॅक्चरची भीती सगळ्यात जास्त पहिल्या एक-दोन वर्षांतच असते.

हे औषध म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड. तुमच्या आईसारख्याच, नुकताच खुबा मोडलेल्या २,१२७ लोकांवर त्याचा अभ्यास होऊन २००७ मध्ये निकाल आला, पुन्हा फ्रॅक्चर होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी, आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी. सॅशेने असलं काही कधी करून दाखवलेलं नाही.

पाहुण्यांचं पूर्ण खोटं नाही, पण मापात बघा. मांडीच्या त्या वेगळ्या फ्रॅक्चरचा हिशोब २०२० मध्ये कॅलिफोर्नियातून आला, याच जातीची औषधं तीन वर्षं घेतलेल्या दर १०,००० गोऱ्या बायकांत खुब्याची १४९ फ्रॅक्चर वाचली आणि औषधामुळे मांडीची २ झाली. आशियाई बायकांत ९१ वाचली आणि ८ झाली. म्हणजे आपल्याकडच्यांनी जरा जास्त लक्ष ठेवायचं, मांडीत नाहीतर जांघेत ठणका सुरू झाला तर लगेच दोन्ही मांड्यांचा एक्सरे. पण ९१ कुठे आणि ८ कुठे. जबड्याचा त्रास मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटना दर महिन्याला मोठे डोस जातात तिथला, हाडांच्या डोसात फार क्वचित. दात काढायचा असेल तर आधी काढून घ्या, जखम भरू द्या, मग सलाईन. क्रिएटिनिन तपासा, डी कमी असेल तर आधी भरून काढा (बघा, इथे सॅशेला काम आहे). पहिल्या सलाईननंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने जाते, घाबरून पुढच्या वर्षी टाळू नका.

तुमच्या पन्नाशीतल्या बहिणीसाठी एक नवीन गोष्ट. न्यूझीलंडमध्ये ५० ते ६० वयाच्या १,०५४ बायकांवर अभ्यास झाला, काहींना हेच औषध दहा वर्षांत फक्त एकदा किंवा दोनदा दिलं, बाकीच्यांना औषधाविना नुसतं सलाईन. २०२५ मध्ये छापून आलं, नुसतं सलाईन दिलेल्यांत ११.१ टक्के जणींना मणक्याचं फ्रॅक्चर झालं, दोनदा औषध दिलेल्यांत ६.३ आणि एकदाच दिलेल्यांत ६.६. एक सलाईन आणि परिणाम एवढी वर्षं! आईला मात्र हे लावू नका, तिचं हाड मोडून झालंय.

दर सहा महिन्यांनी पोटात टोचायचं डेनोसुमॅब पण तुम्हाला कोणी सुचवेल. औषध जोरदार आहे, पण ते मधेच सोडलं तर झीज उसळी मारते आणि एकामागून एक मणके दबलेले पेशंट बघितलेत जगभर. बंद करायचं तर दुसरं औषध लावूनच. ज्या घरात तारखा पाळल्या जात नाहीत तिथे मी ते सुचवत नाही. आणि रोमोसोझुमॅब, ज्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, त्याची गोष्ट मजेशीर आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत हाडं भयंकर जाड होण्याचा आजार चालत आलेला, पडले तरी हाड मोडत नाही. त्यांच्या शरीरात स्क्लेरोस्टिन हे हाडाच्या वाढीला ब्रेक लावणारं प्रोटीन बनत नाही, हे कळल्यावर तोच ब्रेक काढणारं इंजेक्शन बनवलं, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. वर्षभर, महिन्याला एकदा. नुकता हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेलेल्याला देत नाहीत. आईसाठी आधी झोलेड्रोनिकच.

मला गॅसची गोळी रोज लागते, थायरॉइडची पण चालू आहे. कॅल्शियम कधी घेऊ? (जयसिंगपूर)

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान चार तास. कॅल्शियम कार्बोनेटला पोटातलं ॲसिड लागतं, तुम्ही ते गॅसच्या गोळीने रोज मारताय, तेव्हा डॉक्टरांकडून कॅल्शियम सायट्रेट लिहून घ्या. आणि गॅसची गोळी कोणी, किती दिवसांसाठी चालू केली होती तेही त्याच वेळी विचारा, वर्षानुवर्षं घेतली तर तिचा संबंध फ्रॅक्चरशी जोडला गेलाय.