हाड मोडलेले नाही, मग पाय का कापायचा?

‘पाय कापून त्याला जन्मभर लंगडत ठेवण्यापेक्षा इंजेक्शन देऊन मोकळे केलेले बरे नाही का?’ पाळीव प्राण्याचा पाय शस्त्रक्रियेने काढावा लागणार असे कळले, की घरातले कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतेच. तो विचारला जातो पशुवैद्यकाला. पण त्याचे पूर्ण उत्तर दवाखान्यात मिळतेच असे नाही, कारण त्या प्रश्नात प्राण्याच्या पायाइतकीच घरच्यांची अपराधी भावना, शेजारीपाजारी काय म्हणतील याची धास्ती आणि खर्चाची काळजी मिसळलेली असते. साताऱ्यातील माझ्या परिचयाचे एक पशुवैद्यक अशी कुटुंबे अधूनमधून माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवतात. त्यांपैकी एका कुटुंबाची हकिगत, नावे आणि ओळखीच्या खुणा बदलून, त्यांच्या संमतीने येथे मांडत आहे.

काळू हा चार वर्षांचा गावठी कुत्रा, वजन १८ किलो. माधवराव कामावर जाण्यासाठी मोटारसायकल बाहेर काढत असताना तो उघड्या फाटकातून निसटला आणि दुधाच्या टेम्पोची धडक बसून रस्त्याच्या कडेला फेकला गेला. एक्स-रेमध्ये एकही हाड मोडलेले दिसले नाही, त्यामुळे घरच्यांना हायसे वाटले होते. परंतु डावा पुढचा पाय खांद्यापासून लुळा पडला होता आणि चालताना पंजा उलटा होऊन त्याची वरची बाजू रस्त्यावर घासत होती. डॉक्टरांनी चिमट्याने त्या पायाची बोटे एकेक करून दाबली, तेव्हा काळूने साधी मानही वळवली नाही. उजव्या पंजाला चिमटा लागताच मात्र त्याने पाय झटकन ओढून घेतला. त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुलीही उजव्या डोळ्यापेक्षा बारीक झाली होती. पाठीच्या कण्यातून पुढच्या पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळेच धडकेने उपटली गेली आहेत, आणि बाहुलीचे आकुंचन-प्रसरण सांभाळणारे काही तंतू त्याच मुळांतून निघत असल्यामुळे डोळ्यातही फरक दिसतो आहे, असे त्यांनी समजावून सांगितले.

अशा वेळी काही आठवडे वाट पाहण्याचा प्रघात आहे, कारण तंतू केवळ ताणले गेले असतील तर संवेदना हळूहळू परत येऊ शकते. काळूची परत आली नाही. उलट फरफटून पंजावर जखम झाली, ती चिघळली, आणि एके सकाळी माधवरावांच्या पत्नी सुनंदाताईंना दिसले की त्याने स्वतःच्याच पायाचे एक बोट चावून काढले आहे. तेव्हा डॉक्टरांनी पाय खांद्यापासून काढण्याचा सल्ला दिला आणि घरात दोन तट पडले. सुनंदाताई व दहावीतील मुलगी गार्गी यांचा कल शस्त्रक्रियेकडे होता. माधवराव काहीच बोलत नव्हते. त्यांच्या आई मात्र ठामपणे नको म्हणत होत्या.

पहिल्या भेटीत चौघेही आले होते. ‘हाड शाबूत आहे, मग पाय का कापायचा, हे मला कोणी सांगेल का?’ हा आजींचा पहिला प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. अशा प्रश्नाला धीर देणाऱ्या शब्दांनी उत्तर देऊ नये, माहितीनेच द्यावे, असे माझे मत आहे. हाड म्हणजे पाय नव्हे. मेंदूशी संबंध तुटलेला पाय हा काळूच्या दृष्टीने अंगाला लटकलेले आणि सतत जखमी होणारे ओझे होते. त्याचा पाय अपघाताच्या क्षणीच गेला होता. शस्त्रक्रियेने पाय जाणार नव्हता, जखम जाणार होती. हा भेद नीट पोहोचला, की ‘आपण त्याचा पाय तोडतो आहोत’ या वाक्यातील दंश पुष्कळ कमी होतो.

त्याला जोडूनच येणारा दुसरा प्रश्न असा, की जखम पंजाला आहे तर अख्खा पाय कशासाठी, थोडा तरी का ठेवत नाहीत. मनुष्याच्या बाबतीत कृत्रिम पाय बसवण्यासाठी शक्य तितका भाग राखतात, म्हणून लोकांना हे क्रूर वाटते. परंतु कुत्रा उरलेला खुंट टेकवण्याचा प्रयत्न करतो, तो जमिनीवर आपटतो आणि त्यावर पुन्हा पुन्हा जखमा होतात. म्हणून पुढचा पाय बहुधा फऱ्याच्या हाडासह काढतात आणि मागचा मांडीच्या वरच्या भागातून किंवा खुब्यातून. प्राण्यांसाठीही कृत्रिम पाय बनवले जातात, पण ते बसवायचे तर पायाचा बराच भाग शिल्लक आणि संवेदना शाबूत असावी लागते. काळूच्या बाबतीत तो विचार संभवतच नव्हता, आणि बाकीचे तीन पाय धड असलेल्या मध्यम वजनाच्या कुत्र्याला त्याची गरजही सहसा पडत नाही.

आजींच्या विरोधामागे आणखी काही असावे असे मला वाटत होते. काळा कुत्रा म्हणजे खंडोबाचा, त्याच्या अंगाला सुरी लावायची नाही, असे त्या म्हणत होत्या. परंतु बोलता बोलता त्यांच्या माहेरच्या एका बैलाची गोष्ट निघाली. नांगरटीच्या वेळी बांधावरून घसरून त्या बैलाचा पुढचा पाय मोडला होता आणि चार दिवसांनी तो बैल गोठ्यात राहिला नव्हता. तो कोठे गेला हे घरातल्या पोरींना कोणी सांगितले नाही, पण त्यांना कळले होते. शेतकरी घरांत वाढलेल्या ज्येष्ठांच्या मनात ‘पाय गेला म्हणजे जनावर गेले’ हे समीकरण असे पक्के बसलेले असते, आणि बैलापुरते ते खोटेही नाही. चारशे किलोंचे जनावर तीन पायांवर फार काळ उभे राहू शकत नाही, कारण उरलेल्या पायाचे खूर आणि सांधे तो भार सोसत नाहीत. (अशा गायीवासरांसाठी जयपूरचे पशुवैद्यक डॉ. तपेश माथुर यांनी कृत्रिम पाय तयार केले आहेत. तेथे त्यांची खरी निकड असते.) काळूचे वजन त्या बैलाच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी आहे, हे मी आजींना सांगितले. त्यांनी लगेच होकार दिला नाही, मात्र त्यानंतर खंडोबाचे नावही काढले नाही. दोन दिवसांनी त्यांनीच मुलाला सांगितले म्हणे, ‘ने त्याला.’

शस्त्रक्रियेआधी मी कुटुंबांना एक गोष्ट आवर्जून करायला सांगते, ती म्हणजे अशा जखमेची छायाचित्रे डॉक्टरांकडे बसून पाहून घेणे. भादरलेली कातडी, टाक्यांची लांब रांग, पोटाकडे उतरत गेलेला जांभळा-काळा डाग आणि जेथे खांदा होता तेथील सपाट बाजू हे दृश्य पूर्वकल्पना नसताना अंगावर येते, आणि आपण चुकलो अशी खात्री नेमकी तेव्हाच होऊ लागते. गार्गीने छायाचित्रे पाहिली होती. माधवरावांनी पाहिली नव्हती. घरी आणल्यावर पहिल्या रात्री काळू कण्हत होता, तेव्हा गार्गी त्याच्याजवळ बसून राहिली आणि माधवराव उठून गच्चीवर गेले. पहिल्या एकदोन रात्रींचे असे कण्हणे बरेचदा भुलीच्या व वेदनाशामक औषधांच्या अमलामुळेही असते, हे आधी ठाऊक असले तर ती रात्र थोडी सोपी जाते. कण्हणे थांबत नसेल, तर डॉक्टरांना फोन करावा. घरातील गोळी देण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. माणसांच्या पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडांना गंभीर इजा होते.

तीन पायांवर चालण्याचे तंत्र प्राण्याला शिकवावे लागत नाही. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर आणि सुमारे ४० टक्के मागच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पाय गमावणे मागचा गमावण्यापेक्षा अवघड जाते. उरलेला एकुलता पुढचा पाय प्राणी हळूहळू छातीच्या मध्यरेषेकडे आणतो आणि मागचे दोन पाय थोडे फाकवून उभा राहतो. उभ्या काळूकडे समोरून पाहिले तर तो तिवईसारखा दिसत असे. चालताना तो पुढच्या पायावर छोटी उडी घेई आणि त्या वेळी मान वर-खाली होई. ती मानेची हालचाल पाहून लोकांना वाटते की त्याला दुखते आहे. वास्तविक ती तोल साधण्याची रीत असते. पुढचा पाय नसलेल्या कुत्र्याला जिना उतरणे कठीण जाते, कारण उतरताना शरीर थोपवण्याचे काम पुढचे पाय करतात, आणि मागचा पाय नसलेल्याला चढणे कठीण जाते. माधवरावांच्या घरातील खरा शत्रू मात्र नवीन बसवलेली गुळगुळीत फरशी हा होता. सुनंदाताईंनी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाटाची वाट अंथरली, पाण्याचे भांडे पाटावर ठेवले, आणि काळू तिसऱ्या दिवशी त्या वाटेने स्वतः अंगणात गेला.

त्यानंतर मात्र तो चालेनासा झाला, आणि कुटुंब दुसऱ्यांदा माझ्याकडे आले ते या कारणाने. टाके सुकले होते, डॉक्टरांना कोठेही दोष दिसत नव्हता, तरीही काळू एका जागी बसून माधवरावांची वाट पाहत असे. चौकशी करता कळले की माधवराव त्याला अंगणात उचलून नेत, उचलून आणत, आणि हाताने भरवत. ते कामावर असताना काळू चालत असे, ही गोष्ट गार्गीने हळूच सांगितली.

फाटक उघडे राहिले हे माधवराव विसरू शकत नव्हते. ‘तुमची काही चूक नाही’ हे वाक्य त्यांना घरच्यांनी पुष्कळदा ऐकवले होते आणि त्याचा उपयोग शून्य झाला होता, कारण फाटक त्यांच्या हातून उघडे राहिले होते ही वस्तुस्थितीच होती. मी त्यांना त्या सकाळची हकिगत दोन रकान्यांत लिहायला सांगितली: त्या क्षणी मला काय माहीत होते, आणि आज काय माहीत आहे. पहिल्या रकान्यात फाटक, कामाच्या पाळीला झालेला उशीर आणि ओट्यावर झोपलेला काळू एवढेच होते. टेम्पो दुसऱ्या रकान्यात होता. कागदाकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, ‘म्हणजे निष्काळजीपणा झाला, पण मी त्याला मारले नाही.’ यापेक्षा अधिक सफाईदार निर्दोषत्व त्यांना देण्याची आवश्यकता मला वाटली नाही. मग आम्ही ठरवले की अन्नाचे भांडे काळूपासून चार पावलांवर ठेवायचे आणि माधवरावांनी हात मागे बांधून उभे राहायचे. पहिल्या दिवशी काळू बराच वेळ भुंकला. नंतर उठला.

१९९९ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी पाय काढलेल्या ४४ कुत्र्यांच्या मालकांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. बहुतेक कुत्री महिन्याभरात सरावली, असे त्यातून दिसले. काही मालकांनी कुत्र्याचा स्वभाव बदलल्याचेही सांगितले होते, आणि माझ्या मते या दुसऱ्या बाजूबद्दल पुरेसे बोलले जात नाही. आळीतल्या ज्या कुत्र्यांवर काळू पूर्वी गुरगुरत असे, त्यांच्यापासून तो काही काळ लांब राहू लागला. त्याला ‘पूर्वीसारखा’ करण्यासाठी त्यांच्यात ढकलू नये, बाहेर नेण्याची वेळ बदलावी आणि छातीचा पट्टा वापरावा, इतकेच मी सुचवले. माणसांना नसलेल्या अवयवात वेदना होतात, तसे प्राण्यांनाही होत असावे असे पशुवैद्यक मानतात; प्राणी अचानक किंचाळत असेल, काढलेल्या बाजूकडे वळून पाहत असेल किंवा ती जागा सारखी चाटत असेल, तर त्यावर औषधे आहेत.

मांजरे अंगाने हलकी असल्यामुळे याहूनही लवकर सरावतात. त्यांच्यासाठी शौचाच्या मातीच्या ट्रेचा काठ उतरता ठेवावा. मागचा पाय गेला असेल, तर त्या बाजूचा कान त्यांना खाजवता येत नाही. तो रोज आपण हळुवार खाजवून द्यावा, स्वच्छ आहे ना ते पाहावे.

प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच योग्य असते असे मी म्हणणार नाही. प्राणी फार लठ्ठ असेल, उरलेल्या पायांचे सांधे झिजलेले असतील किंवा पाठीचा कणा दुखावलेला असेल, तर डॉक्टर स्वतःच सावध करतात. मोठ्या जातींच्या कुत्र्यांना होणाऱ्या हाडाच्या कर्करोगात पाय काढल्याने वेदना थांबते, परंतु केवळ तेवढ्याने आयुष्य बहुधा चार-पाच महिन्यांपलीकडे जात नाही. केमोथेरपीची जोड दिली तर ते वर्षाच्या आसपास जाऊ शकते. अशा वेळी दयामरणाचा विचार करणाऱ्याला कोणी निष्ठुर ठरवू नये. मन द्विधा असेल तर दुसऱ्या पशुवैद्यकाचे मत घ्यावे. मुंबईतील परळचे किंवा साताऱ्याजवळच्या शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी जवळ पडते.

काळू आता जिना चढतो, उतरताना मात्र शेवटच्या दोन पायऱ्यांवर थांबून कोणी येते का ते पाहतो, आणि कोणी आले नाही तर उतरतो. तीन पायांच्या प्राण्याच्या दृष्टीने वजन ही सर्वांत मोठी बाब असते. प्रत्येक जादा किलो त्याच एकट्या पुढच्या पायाच्या मनगटावर येतो. माधवरावांचे भरवणे थांबले. आजींचा मात्र काळूने दुपारी तूप लावलेली चतकोर भाकरी खाल्लीच पाहिजे असा आग्रह आहे, आणि गेल्या तपासणीत त्याचे वजन १९ किलो ४०० ग्रॅम भरले. तूप बंद करण्यास त्या राजी आहेत; भाकरीबाबत आमची बोलणी अजून चालू आहेत.