पगारवाढ घेऊन मिनेसोटाला जावे का? थंडीच्या आधी कराचा हिशोब

तुमच्या पत्राचा सारांश प्रथम मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही प्रश्न नीट समजेल. तुम्ही आठ वर्षांपासून टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या प्लेनो येथे भाड्याच्या घरात राहत आहात. तुमचा वार्षिक पगार १,२८,००० डॉलर असून, एच-४ ईएडीवर (एच-१बी व्हिसाधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या काम-परवान्यावर) नोकरी करणाऱ्या तुमच्या पत्नींचा ७२,००० डॉलर आहे. मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे, आणि सांगलीचे आईवडील वर्षाआड येऊन काही महिने राहतात. मिनियापोलिसच्या एका कंपनीने तुम्हाला १,४५,००० डॉलरचा प्रस्ताव दिला आहे. तुमचा प्रश्न असा आहे की इतक्या थंड राज्यात राहण्याचा वाढीव खर्च या १७,००० डॉलरच्या पगारवाढीतून भागेल का.

थंडीचा खर्च झेपण्याजोगा आहे, पण पगारवाढ त्या खर्चापर्यंत पोहोचणारच नाही, कारण तिच्या आड मिनेसोटाचा राज्य आयकर उभा आहे. टेक्सासमध्ये हा कर नसल्यामुळे आठ वर्षांत त्याचा विचार करण्याची वेळ तुमच्यावर आली नाही, आणि तुमच्या पत्रातही त्याचा उल्लेख नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

मिनेसोटात आयकराचे चार टप्पे आहेत: ५.३५, ६.८, ७.८५ आणि ९.८५ टक्के. तुमच्या दोघांचे एकत्र उत्पन्न २,१७,००० डॉलर होईल. २०२५ ची प्रमाणित वजावट आणि दोन मुलांसाठीची सूट वजा केल्यावर करपात्र रक्कम साधारण १,७७,००० डॉलर उरते आणि तिच्यावरचा राज्य कर ११,००० डॉलरच्या थोडा वर जातो. दुसरीकडे, १७,००० डॉलरच्या वाढीतून केंद्रीय आयकराचे २२ टक्के आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्के वजा केले की हातात सुमारे १२,००० डॉलर येतात. ४०१-के या निवृत्ती-बचत खात्यातील गुंतवणुकीनुसार हे आकडे थोडे खाली-वर होतील, तरी निष्कर्ष बदलत नाही. जवळजवळ संपूर्ण वाढ राज्याच्या तिजोरीत जमा होते आणि वर्षाकाठी तुमच्याकडे एक हजार डॉलरही उरत नाहीत. सुमारे साडेनऊशे मैल दूर जाऊन, मुलांची शाळा बदलून आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया नव्याने सुरू करून मिळणारा मोबदला म्हणून ही रक्कम मला फारच अपुरी वाटते.

याला आणखी एक शेपूट आहे. पुण्यातील फ्लॅटचे भाडे आणि एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातील) ठेवींवरील व्याज मिळून तुमचे सुमारे ९,००० डॉलरचे उत्पन्न भारतातून येते. एनआरई व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत करपात्र आहे, आणि ते तुम्ही केंद्रीय विवरणपत्रात दाखवता हे वाचून बरे वाटले. फ्लॅटच्या भाड्यावर भारतात भरलेल्या कराचे श्रेय केंद्रीय करात मिळते, पण मिनेसोटा असे श्रेय अमेरिकेतील इतर राज्ये आणि कॅनडाचे प्रांत यांच्यापुरतेच देते. भारताचा त्यात समावेश नाही. म्हणजे या ९,००० डॉलरवर राज्याचे आणखी सुमारे ६०० डॉलर द्यावे लागतील.

जुन्या कंपनीचे जे शेअर्स तुम्ही सांभाळून ठेवले आहेत, त्यांच्यावर आज ४०,००० डॉलरचा नफा दिसतो आहे. मिनेसोटा भांडवली नफ्यालाही पगारासारखेच साधे दर लावते. तेथे गेल्यावर हे शेअर्स विकले, तर राज्याला तीन हजार डॉलरांच्या आसपास कर द्यावा लागेल. टेक्सासचे रहिवासी असतानाच विकले, तर मिनेसोटाचा त्या नफ्यावर हक्क राहत नाही. केंद्रीय कर दोन्हीकडे सारखाच आहे. एकाच कंपनीत इतकी रक्कम अडकवून ठेवणे मला एरवीही पसंत नाही, त्यामुळे जाण्याचे ठरले तर ट्रक बोलावण्याआधी ही विक्री उरकून घ्यावी.

आता थंडीकडे वळतो. तुमच्या पत्रातली भीती मी कमी लेखत नाही. ३० जानेवारी २०१९ रोजी मिनियापोलिसचे तापमान उणे २८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरले होते. असे दिवस क्वचित येतात. सर्वसाधारण जानेवारीचे सरासरी तापमान उणे ९ सेल्सिअसच्या आसपास असते. पैशाच्या दृष्टीने पाहता थंडी अचानक अंगावर येणारी आपत्ती नसून दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारे बिल आहे, आणि अशा बिलाची तरतूद करता येते. पहिल्या वर्षी चौघांची जाड जॅकेटे, बूट, हातमोजे आणि मुलांच्या स्नो पँट यांसाठी १,२०० ते १,५०० डॉलर धरा. मिनेसोटात कपड्यांवर विक्रीकर नाही, ही येथे होणारी छोटीशी मदत. मुलांचे कपडे दर वर्षा-दोन वर्षांनी बदलावे लागतील, कारण तिथल्या शाळा मुलांना बर्फातही मधल्या सुट्टीत खेळायला बाहेर सोडतात. दोन्ही गाड्यांसाठी हिवाळी टायर घेतले तर एका संचाला ७०० ते १,००० डॉलर लागतील, पण ते काही हिवाळे टिकतात. रस्त्यावरच्या मिठामुळे गाडी खालून गंजते, तेव्हा धुण्याचा थोडा खर्च धरा आणि घर घेताना जोडलेल्या गॅरेजशी तडजोड करू नका.

हीटिंगच्या बिलाची लोकांना जितकी धास्ती असते तितके ते मोठे नसते. बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या २,००० चौरस फुटांच्या घराला नैसर्गिक वायूवर वर्षाला साधारण १,००० ते १,४०० डॉलर लागतात, आणि बहुतेक वायू कंपन्या ही रक्कम बारा समान हप्त्यांत विभागून देतात. त्याच्यासमोर तुमचे प्लेनोमधले जून ते सप्टेंबरचे एसीचे बिल ठेवून पाहा. बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत या दोन आकड्यांमध्ये वर्षाला काहीशे डॉलरांपेक्षा जास्त अंतर पडत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट तुम्ही स्वतः अनुभवली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये वीज गेली, नळ फुटले, छतांतून पाणी गळले, आणि तुम्ही लिहिता त्याप्रमाणे तुम्हालाही चार दिवस मित्राच्या घरी काढावे लागले. त्या दिवसांतले तापमान मिनेसोटाच्या लेखी नेहमीचे होते. नुकसान झाले ते घरे थंडीसाठी बांधलेली नव्हती म्हणून. मिनियापोलिस परिसरात पाया किमान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट खोल न्यावा लागतो, कारण जमीन तितकी गोठू शकते, आणि म्हणूनच तिथल्या बहुतेक घरांना बेसमेंट असते. थंडीचा मोठा खर्च घराच्या किमतीतच एकदा भरलेला असतो, आणि त्यामुळे घर कोणते निवडता यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

म्हणूनच जाण्याचे ठरले तरी पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढा, असे मी आग्रहाने सांगतो. तुम्ही ४,७५,००० डॉलरचे घर लगेच घेण्याचे लिहिले आहे आणि हिवाळ्यात विक्रेते नरमतात असे कोणीतरी तुम्हाला सांगितले आहे. विक्रेते नरमतात हे खरे, पण त्या वेळी छप्पर बर्फाखाली असते, ड्राइव्हवेच्या भेगा दिसत नाहीत, आणि बाहेर कडाक्याची थंडी असताना तपासनीस एसी चालवून पाहत नाही. छताच्या कडेला बर्फाचा बांध साचून पाणी आत झिरपते का, हे फेब्रुवारीत कळते. बेसमेंटमध्ये पाणी शिरते का, हे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळताना कळते. एक पूर्ण हिवाळा परिसर पाहून, शेजाऱ्यांशी बोलून आणि ऑफिसचा रस्ता बर्फात कसा असतो हे अनुभवून घेतलेले घर आणि ऑक्टोबरमध्ये दोन शनिवार-रविवारांत घेतलेले घर यांत पंधरा-वीस हजार डॉलरांच्या दुरुस्तीचा फरक पडू शकतो. जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूची चाचणीही करून घ्याच, कारण मिनेसोटातील पाचांपैकी सुमारे दोन घरांत त्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेहून जास्त आढळते. त्यावर उपाय आहे, मात्र तो विक्रेत्याच्या पैशाने व्हावा.

घर घेतल्यावर एका बाबतीत मिनेसोटा स्वस्त पडते. डॅलसच्या उपनगरांत मालमत्ता कर बहुधा किमतीच्या दीड ते दोन टक्के असतो, तर मिनियापोलिसच्या उपनगरांत तो सव्वा टक्क्याच्या आसपास राहतो. ४,७५,००० डॉलरच्या घरावर वर्षाला दोन-तीन हजार डॉलरचा हा फरक आयकराचा काही भाग भरून काढतो. घरविम्यात फारसा दिलासा नाही, कारण गारपिटीमुळे छपरांचे दावे दोन्ही राज्यांत खूप होतात. पॉलिसी घेताना छपरासाठीचा वजावटीचा भाग (दाव्यातली तुम्ही स्वतः भरायची रक्कम) वेगळा लिहिलेला आहे का, हे पाहून घ्या.

या सगळ्याहून मला अधिक काळजी वाटते ती तुमच्या पत्नींच्या नोकरीची. पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत येतो: ‘तिला तिथे काहीतरी मिळेलच.’ आर्थिकदृष्ट्या ही ओळ संपूर्ण पत्रात सर्वांत महाग आहे. त्यांना नवी नोकरी शोधायला सहा महिने लागले तर ३६,००० डॉलरचे ढोबळ उत्पन्न जाते, आणि तुमची पगारवाढ दर वर्षाला एक हजारही शिल्लक ठेवत नाही. ईएडीला ठिकाणाचे बंधन नसल्यामुळे त्या सध्याचे काम मिनेसोटातून करू शकतात, मात्र त्यांच्या कंपनीला तेथे वेतन-करासाठी नोंदणी करावी लागेल आणि लहान कंपन्या अनेकदा याला नकार देतात. व्यवस्थापकाचे तोंडी ‘हो’ पुरेसे नाही. मनुष्यबळ विभागाचे लेखी उत्तर हवे.

ग्रीन कार्डच्या रांगेत तुमची तारीख २०१५ ची आहे आणि आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी केलेला ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर होऊन तीन वर्षे झाली आहेत. नव्या कंपनीत ती तारीख कायम राहील, आणि सध्याच्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी १८० दिवस उलटून गेलेले असल्यामुळे एच-१बी व्हिसाची मुदत वाढवता येईल. मात्र नव्या कंपनीला पर्म (ग्रीन कार्डसाठी श्रम खात्याकडून घ्यायचे प्रमाणपत्र) आणि आय-१४० पुन्हा करावे लागतील, ज्याला दीड-दोन वर्षे सहज जातात, आणि तोवर तुमची तारीख आली तर ग्रीन कार्डचा अंतिम अर्ज भरता येणार नाही. नव्या कंपनीने पर्म केव्हा सुरू करणार हे नियुक्तिपत्रात लिहून द्यावे. पहिल्या वर्षात कपात झाली तर दुसरी नोकरी शोधायला साठच दिवस मिळतात, आणि म्हणून आठ महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात हवा. सध्या तुमच्याकडे पाच महिन्यांचा आहे.

आईवडिलांनी मे ते सप्टेंबर या काळात यावे. मिनेसोटाचा उन्हाळा प्लेनोपेक्षा पुष्कळ सुसह्य असतो आणि त्यांना रोज फिरायला जाता येईल. जानेवारीत बर्फावर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले तर अभ्यागतांच्या विम्याची मर्यादा एकाच रुग्णालय-मुक्कामात संपू शकते. मराठी मंडळ आहे, मेपल ग्रोव्हला मोठे मंदिर आहे, त्यामुळे त्यांना अगदीच परके वाटणार नाही. तुमच्या पत्नींनी मात्र डिसेंबरचा एक आठवडा तिथे राहून पाहावा, कारण तेव्हा साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तो अंधार काहींना अजिबात जाणवत नाही आणि काहींना फार जड जातो. दरवर्षी हिवाळ्यात चौघांनी भारतात येण्याची गरज भासली, तर तिकिटांचा सहा-आठ हजार डॉलरचा खर्च हाच तुमचा थंडीचा सर्वांत मोठा खर्च ठरेल.

मिनेसोटाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. १ जानेवारी २०२६ पासून तेथे आजारपण, बाळंतपण आणि कुटुंबीयांची शुश्रूषा यांसाठी सवेतन रजेची राज्य योजना सुरू झाली असून तिचा ०.८८ टक्क्याचा हप्ता मालक आणि कर्मचारी यांच्यात विभागला जातो. टेक्सासमध्ये खाजगी नोकरदारांसाठी अशी राज्य योजना नाही.

माझे मत असे आहे की सध्याच्या आकड्यावर हा प्रस्ताव स्वीकारू नये, पण नाकारूही नये. कंपनीला कराचा हिशोब दाखवा आणि १,६०,००० डॉलर मागा. मूळ पगार वाढवणे शक्य नसेल तर स्थलांतराच्या खर्चाव्यतिरिक्त १५,००० डॉलरचा जोडणी-बोनस (रुजू होताना मिळणारी एकरकमी रक्कम) मागा आणि त्याचा परतफेडीचा कालावधी, म्हणजे नोकरी सोडल्यास तो परत करावा लागण्याची मुदत, एका वर्षाहून अधिक नसावा हे पाहा. रक्कम, पर्मची तारीख आणि पत्नींच्या कंपनीची परवानगी या तीनही गोष्टी कागदावर आल्या, तर जूनमध्ये मुलीची शाळा संपल्यावर जाण्यास माझी हरकत नाही. पहिल्या दोन आल्या आणि तिसरी आली नाही, तर तुम्ही एकट्याने आधी जाऊन दोन घरे चालवण्याचा जो विचार केला आहे तो सोडून द्या, कारण मिनियापोलिसचे १,६०० डॉलरचे दुसरे भाडे बोनस वर्षभरात संपवून टाकेल. उत्तर देण्यासाठी कंपनीने तुम्हाला दहा दिवस दिले आहेत. त्यातील पहिल्या दोन दिवसांत पत्नींच्या मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवा, कारण त्यांच्या उत्तरावर बाकीची बोलणी अवलंबून आहेत.