एआयला आधी माघार घ्यायला शिकवा, न्यूरल नेटवर्क नंतर बघू

म्हणजे तुमचा रिअल टाइम स्ट्रॅटेजी गेम आहे (पाळी न लावता एकाच वेळी खेळायचा युद्धाचा गेम), त्यातला एआय, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो प्रतिस्पर्धी, बेस नीट बांधतो, सैन्यही भरपूर काढतो, पण लढाईत दर वेळी मार खातो, आणि आता न्यूरल नेटवर्क (नियम लिहून न देता सरावातून स्वतः शिकणारा प्रोग्राम) लावावं का असा प्रश्न पडलाय. माझं मत विचाराल तर आत्ता नको. तुम्हीच लिहिलंय की सैनिक तयार झाला की लगेच शत्रूच्या दिशेने निघतो, सगळी मेख तिथेच आहे.

लँचेस्टर नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १९१६ च्या सुमारास एक साधं गणित मांडलं होतं, लांबून मारा करणाऱ्या फौजांची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. आता समजा प्लेयरकडे ८ रणगाडे आहेत आणि एआयकडे तसेच १२. एकदम भिडले तर १४४ वजा ६४, म्हणजे ८०, त्याचं वर्गमूळ काढलं की एआयचे जवळपास ९ वाचतात. तेच १२ चार-चार करून पोचले तर प्लेयरचे ६४ मधून तीनदा १६ गेले, उरले १६, म्हणजे तुमचे सगळे १२ खलास आणि त्याचे ४ रणगाडे शाबूत. सैन्य तेच, खर्च तोच, फक्त थांबायचं कुठे ते एआयला कळलं नाही. (अरुंद खिंडीत किंवा तलवारवाल्या युनिट्सना हे लागू होत नाही, तिथे सगळ्यांना एकदम मारा करता येत नाही, मग हिशोब सरळ बेरजेचाच.)

त्यामुळे पहिलं काम, शत्रूच्या माऱ्याबाहेर जमायची एक जागा ठरवा आणि वरच्या गणिताचा अंदाज आपल्या बाजूने येईपर्यंत कोणालाही पुढे सोडू नका. जागा शोधायला इन्फ्लुअन्स मॅप पुरतो, मॅपवर जाडसर ग्रिड टाकायचा, प्रत्येक युनिटने आपली ताकद आजूबाजूच्या चौकोनांत अंतरानुसार कमी कमी करत पसरायची, आपल्यांची अधिक आणि शत्रूची उणे, दोन्ही फौजांच्या मध्ये जिथे बेरीज शून्याजवळ येते ती आघाडी, जमायचं तिच्या मागे, आपल्या बाजूला. दर फ्रेमला मोजायची गरज नाही, सेकंदातून एकदोनदा बास. फक्त यात शत्रूची खरी पोझिशन नका घालू, शेवटची दिसलेली घाला आणि वेळ जाईल तसं तिचं वजन उतरवत न्या, नाहीतर एआयला धुक्यापलीकडचं (मॅपचा जो भाग आपल्या युनिट्सना दिसत नाही तो) दिसतंय हे प्लेयरला लगेच कळतं आणि मग तो चिडतो, ते बरोबरच आहे.

दुसरं म्हणजे चढाई आणि माघार यांचा आकडा एकच ठेवू नका. इथे बरेच जण फसतात, कारण एकच आकडा असला की एक रणगाडा पडला की फौज मागे, एक आला की पुढे, आणि बिचारी मधल्यामध्ये नाचत मरते. चढाई करायची ती आपली ताकद शत्रूच्या १.३ पट वाटली तर, आणि मागे फिरायचं ०.७ च्या खाली गेल्यावरच, असं काहीतरी धरून चला, आकडे तुमच्या गेमप्रमाणे बदलतील. माघार घेताना शत्रू वेगवान असेल तर पाठीवर मार खाण्यापेक्षा लढून मेलेलं परवडतं, तेवढी एक अट आठवणीने टाका.

आणि न्यूरल नेटवर्कने हे आपोआप सुटतं असंही नाही. डीपमाइंड कंपनीच्या अल्फास्टार या न्यूरल नेटवर्कवाल्या एआयने स्टारक्राफ्ट २ या गेममध्ये टीएलओ आणि माना या दोन प्रो प्लेयर्सना प्रत्येकी ५-० ने धुतलं होतं, पण जानेवारी २०१९ च्या लाइव्ह मॅचमध्ये मानाने त्याच्या बेसमागे वॉर्प प्रिझममधून (सैन्य वाहून नेणारं उडतं यान) दोन इम्मॉर्टल (जमिनीवरची दणकट युनिट्स) उतरवले, एआयची अख्खी फौज परत धावली, मानाने इम्मॉर्टल उचलून नेले, फौज वळली की पुन्हा उतरवले. दोन युनिटसाठी सगळं सैन्य हेलपाटे घालत होतं आणि तोवर मानाला फौज उभी करायला वेळ मिळाला. तुमच्या साध्या कोडमध्ये याचा इलाज सोपा आहे, धोका जेवढा तेवढीच तुकडी परत पाठवा, बाकीच्यांचं चालू काम तोडू नका.

अवघड लेव्हलला फुकटची साधनसामग्री द्यायची सोय बरेच गेम करतात, सिव्हिलायझेशन ६ मध्ये डेइटी या सगळ्यात अवघड लेव्हलवर एआयला सुरुवातीलाच जास्तीचे सेटलर (नवी शहरं वसवणारी युनिट्स) मिळतात. द्यायची तर द्या, पण वरचं सगळं झाल्यावर, कारण तुकड्या तुकड्याने मरणाऱ्या एआयला दुप्पट पैसा दिला तर तो फक्त दुप्पट मरेल.

टेस्टिंगला रात्रभर दोन एआय एकमेकांशी लढवत ठेवा आणि प्रत्येक चढाईला दोनच गोष्टी लॉग करा, किती वाचतील असा अंदाज होता आणि खरे किती वाचले. अंदाज ९ चा आणि वाचले २ असं एकाच पुलापाशी सारखं दिसलं तर तिथे रांग लागतेय, त्या चौकोनांना वर्गाऐवजी बेरजेचा हिशोब लावा. सगळीकडेच दिसलं तर कुठल्यातरी युनिटची ताकद चुकीची धरलीय, मी आधी तोफा तपासेन.