शिंपला मिळत नसेल तर लेअर (अंडी देणाऱ्या) कोंबड्यांना काय द्यावं?

प्रश्न : अंडी पातळ कवचाची निघताहेत, उचलतानाच तडकतात. शिंपल्याचा चुरा वेळेवर मिळत नाही. त्याऐवजी चुनखडी, अंड्यांची टरफलं, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) किंवा चुलीतली राख चालेल का?

उत्तर : चुनखडी आणि टरफलं चालतील. डीसीपी आणि राखेने शिंपल्याचं काम होणार नाही.

एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून कोंबडीला रोज 4 ग्रॅमच्या आसपास द्यावं लागतं. शिंपला, खाद्याच्या दर्जाची चुनखडी आणि टरफल या तिन्हींत कॅल्शियम जवळपास सारखंच, 36 ते 38 टक्के. तेव्हा शिंपला नाही म्हणून घाबरू नका. खरी चूक बहुतेक वेळा दळण्यात होते. चुनखडी पिठासारखी बारीक करून घातली जाते.

कवच चढायला 18 ते 20 तास लागतात आणि त्यातलं बरंच काम रात्री, कोंबडी खात नसताना चालतं. बारीक पूड तोवर पोटातून पुढे निघून गेलेली असते. 2 ते 4 मिलिमीटरचे दाणे मात्र गिझार्डमध्ये (खाद्य भरडणाऱ्या पोटात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. घरी करून बघा. दोन ग्लासांत व्हिनेगर घ्या, एकात चुनखडीची पूड आणि दुसऱ्यात तेवढेच दाणे टाका. पूड भसाभसा फेसाळून लगेच शांत होते, दाणे बुडबुडे सोडत कितीतरी वेळ टिकतात. जे खडे अजिबात फेसाळत नाहीत, ती नुसती वाळू. तिने पोटातलं धान्य भरडलं जाईल, कवच जाड होणार नाही.

मॅश (दळलेलं मिश्र खाद्य) घरी बनवत असाल तर 100 किलोला 9 ते 10 किलो चुनखडी धरा, त्यातली निम्मी जाड. कोंबड्या जुन्या असतील तर जाड दाण्यांचा वाटा वाढवा. तयार लेअर फीडमध्ये कॅल्शियम असतंच, त्यात वरून मिसळू नका. जाड दाणे वेगळ्या भांड्यात दुपारनंतर ठेवा, ज्या कोंबडीला गरज आहे ती टिपून घेते.

टरफलं 10 मिनिटं उकळून, कडक वाळवून भरडा. कच्ची टरफलं रोग पसरवतात आणि अर्धी टरफलं तशीच टाकली तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची खोड लागते. ती मोडणं फार अवघड.

डीसीपी हे मुख्यतः फॉस्फरससाठी. ते वाढवलं तर कवच उलट कमजोर होतं. डोलोमाइट (चुनखडीसारखाच दगड) टाळा, त्यातल्या मॅग्नेशियमने विष्ठा पातळ होते. राख धूळस्नानाला ठेवा. भाजलेला चुना मात्र कधीच देऊ नका, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

तलंगांना (तरुण कोंबड्यांना) अंड्यावर येण्याआधी हे जादा कॅल्शियमचं खाद्य घालू नका. जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. आणि दाणे नीट देऊनही दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर खाद्यातलं व्हिटॅमिन डी3 तपासा. ते कमी असेल तर कितीही चुनखडी घातली तरी ती अंगी लागत नाही.