वाचकांचे प्रश्न: कमला तांदूळ, सिकलसेल आणि विकिपीडियावरची ओढाताण

प्रश्न: मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मराठी विकिपीडियावर जीनोम एडिटिंगबद्दल (जनुकांमध्ये नेमक्या जागी बदल करण्याचं तंत्र) मी लिहिलं की "कमला हे भारताचं क्रांतिकारी भात वाण असून त्याचं उत्पादन 19 टक्के जास्त येतं". दुसऱ्या कुणीतरी ते काढून "सरकारने जीएम तांदूळ गुपचूप शेतकऱ्यांच्या माथी मारला" असं टाकलं (जीएम म्हणजे जनुकीय फेरबदल केलेला). मी परत माझं टाकलं, त्याने परत त्याचं. बरोबर कोण? (एक विद्यार्थी, राहुरी)

उत्तर: दोन्ही वाक्यं जायला हवीत. तुला वाईट वाटेल, पण "क्रांतिकारी" हा शब्द ज्ञानकोशात चालत नाही आणि "माथी मारला" हाही चालत नाही, एक जाहिरात आहे आणि दुसरी घोषणा.

आधी नक्की झालंय काय ते बघू. 4 मे 2025 ला केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत दोन जीनोम एडिटेड भात वाणं जाहीर केली. कमला म्हणजे डीआरआर धान 100, हे हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचं, सांबा मसुरीपासून केलेलं. दुसरं पुसा डीएसटी राईस 1, दिल्लीच्या पुसा संस्थेचं, एमटीयू 1010 पासून. कमलामध्ये एका जनुकाचं काम कमी केलंय, त्यामुळे लोंबीत दाणे जास्त भरतात असा दावा आहे आणि पीक साधारण 20 दिवस आधी येतं असंही सांगितलं गेलं. 19 टक्के हा आकडा याच घोषणेतला, म्हणजे ज्यांनी वाण केलं त्यांचाच. नंतर जीएम-मुक्त भारतासाठी काम करणाऱ्या आघाडीने भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएआरच्याच (वरच्या दोन्ही संस्था तिच्याच) चाचण्यांच्या अहवालांवर बोट ठेवून या आकड्यांवर आक्षेप घेतले आणि आयसीएआरने ते फेटाळले.

मग वाक्य असं होईल: "आयसीएआरने मे 2025 मध्ये दिलेल्या माहितीनुसार चाचण्यांमध्ये कमलाचं उत्पादन सांबा मसुरीपेक्षा 19 टक्के जास्त आलं; जीएमविरोधी संघटनांनी या आकडेवारीवर आक्षेप घेतले असून आयसीएआरने ते अमान्य केले आहेत." कोण म्हणालं, कधी म्हणालं, कशाशी तुलना करून म्हणालं, सगळं आलं. रंगत गेली हे खरं, पण वाचणाऱ्याला स्वतःचं मत बनवायला जागा राहिली.

आता "जीएम तांदूळ" चं काय? 30 मार्च 2022 ला पर्यावरण मंत्रालयाने एसडीएन-1 आणि एसडीएन-2 प्रकारच्या, म्हणजे बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या जीनोम एडिटेड रोपांना 1989 च्या नियमांतल्या 7 ते 11 या कलमांमधून सूट दिली, म्हणून या वाणांना जीईएसीची, म्हणजे जीएम पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय समितीची, ती जुनी लांबलचक वाट चालावी लागली नाही. बाहेरचं जनुक घातलेलं एसडीएन-3 मात्र या सवलतीत नाही. त्यामुळे कायद्याच्या हिशोबाने कमलाला बीटी कापसाच्या रांगेत बसवणं चूक. पण लगेच उलटं टोक गाठून "यात बाहेरचं काहीच वापरलेलं नसतं" असंही लिहू नकोस, कारण अशी रोपं करताना बरेचदा कात्रीचं काम करणाऱ्या कॅस9 प्रोटीनचं जनुक आधी रोपात घालतात आणि पुढच्या पिढ्यांमध्ये ते नसलेली रोपं निवडून काढतात. शेवटच्या रोपात ते उरलेलं नाही हे तपासावं लागतं, आणि विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा नेमका हाच असतो की ही तपासणी पुरेशी होते का, सूट द्यायलाच हवी होती का. तो मुद्दाही पानावर यायला हवा, फक्त "असा आक्षेप अमुक संघटनेने घेतला" अशा रूपात.

मला त्या दुसऱ्या माणसाचा राग समजतो. बीटी कापूस 2002 ला आला तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यात या विषयावर घराघरात दोन मतं आहेत, 2019 ला अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी मान्यता नसलेलं एचटीबीटी (तणनाशक सहन करणारं बीटी कापसाचं) बियाणं जाहीरपणे पेरलं होतं, म्हणजे तंत्रज्ञान हवंच म्हणणारेही आपल्यातलेच आणि नको म्हणणारेही आपल्यातलेच. हे सगळं मनात असणारच. पण म्हणून अर्धं पान बाजूने आणि अर्धं विरोधात असं माप लावायचं नाही. जिथे शास्त्रज्ञांमध्ये बऱ्यापैकी एकमत आहे तिथे तसं सांगायचं, जिथे खरंच वाद आहे (नियमन, पेटंट, बियाण्याची मालकी) तिथे वाद सांगायचा. इंग्रजी विकिपीडियावर जीएमच्या पानांवरून इतकी भांडणं झाली की 2015 मध्ये लवाद समितीला मध्ये पडावं लागलं.

मराठीत अडचण वेगळी आहे. इथे लिहिणारेच कमी, त्यामुळे चुकीचं वाक्य एकदा पडलं की वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, शाळेतली पोरं प्रोजेक्टमध्ये उतरवतात, तिथून ते व्हॉट्सॲपवर जातं आणि मग कोणीतरी तेच बातमीत छापतं आणि ती बातमी परत विकिपीडियावर संदर्भ म्हणून येते! म्हणून तू आता परत बदल करू नकोस. पानाच्या वर "चर्चा" असा टॅब आहे, तिथे वरचं वाक्य संदर्भासकट ठेव, समोरच्याला विचार, दोन-चार दिवस थांब. उत्तर आलं नाही तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर टाक, तिथे जुने जाणते सदस्य बघतात. आणि "इतिहास पहा" वर क्लिक करून बघ, तुमच्या दोघांच्या भांडणात आधीचं चांगलं काही उडालं नाही ना.

प्रश्न: मी पुण्यात एका बायोटेक कंपनीत आहे. आमच्या विषयाच्या पानावर ढोबळ चुका आहेत, मला त्यातलं कळतं, मीच दुरुस्त करू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: चूक दाखवा, पान स्वतः बदलू नका. तुमचा पगार ज्या गोष्टीवर अवलंबून आहे त्याबद्दल लिहिताना हात नकळत हलका होतो, चांगल्या माणसाचाही होतो. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते उघड सांगायलाच हवं हा नियम 2014 पासून विकिमीडियाच्या वापर-अटींमध्ये आहे, आणि कंपनीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलं तर तेही त्यातच येतं. सदस्य पानावर कंपनीचं नाव लिहा, चर्चा पानावर "हे वाक्य चूक आहे, हा त्याचा पुरावा" असं टाका, आणि पुरावा कंपनीच्या प्रेसनोटचा नको. तुमच्यासारख्या माहितगार लोकांची गरज आहेच, फक्त दार उघडं ठेवून या.

प्रश्न: मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिका आहे. आमच्याकडे सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट खूप. "क्रिस्परने सिकलसेल कायमचा बरा होतो" असं एका पानावर लिहिलंय. पालक मला विचारतात, बाई, हे कुठे मिळतं? मी काय सांगू आणि पानावर काय असायला हवं? (एक शिक्षिका, नंदुरबार)

उत्तर: ताई, या प्रश्नासाठी मनापासून आभार, कारण इथे एका क्रियापदावर एखाद्या घराची जमीन विकली जाऊ शकते.

उपचार खरा आहे. क्रिस्पर म्हणजे डीएनए हवं तिथे कापून बदलण्याचं तंत्र, आणि त्यावर आधारलेल्या कॅसजेव्ही नावाच्या थेरपीला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये, 12 वर्षांवरच्या पेशंटसाठी मान्यता दिली. पेशंटच्याच रक्ताच्या मूळपेशी काढायच्या, लॅबमध्ये बीसीएल11ए या जनुकाचा एक स्विच बंद करायचा, म्हणजे गर्भात असताना तयार होणारं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं, आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या. अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा ज्या 31 पेशंटचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता त्यातल्या 29 जणांना सलग किमान 12 महिने तीव्र वेदनांचा झटका आला नाही. हे फार मोठं यश आहे. पण पेशी परत सोडण्याआधी जोरदार केमोथेरपी घ्यावी लागते, तिचा मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, आणि अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर आहे.

म्हणून पानावर "बरा होतो" नको, "चाचणीत 31 पैकी 29 जणांना किमान वर्षभर तीव्र झटका आला नाही" असं हवं, आणि केमोथेरपी आणि किंमत त्याच परिच्छेदात हवी, खाली कुठेतरी "मर्यादा" म्हणून कोपऱ्यात नको. आरोग्याच्या पानांसाठी विकिपीडियावर संदर्भाची चाळणी बारीक असते: एकट्यादुकट्या प्रयोगाची बातमी चालत नाही, बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेणारे लेख किंवा आरोग्य संस्थांची मार्गदर्शक तत्त्वं लागतात. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जीनोम संशोधन संस्थेने तयार केलेली बिरसा 101 ही भारतीय क्रिस्पर थेरपी जाहीर झाली, तंत्रज्ञान पुण्याच्या सिरमकडे गेलंय, आनंदाचीच गोष्ट. पण जाहीर होणं वेगळं आणि दवाखान्यात मिळणं वेगळं, पानावर या दोन गोष्टी एका वाक्यात येता कामा नयेत.

पालकांना सांगा, आज सहज हाताशी आहे ते तपासणी आणि हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, सरकारी दवाखान्यात चौकशी करा, आणि क्रिस्परच्या नावाने कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका.

प्रश्न: क्रिस्परचा शोध कोणी लावला? प्रत्येक पानावर वेगळं नाव दिसतं. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: दिसणारच, कारण यात मान आणि पैसा दोन्ही आहे. डीएनएमधले ते विचित्र पुनरावृत्तीचे तुकडे (त्यांनाच पुढे क्रिस्पर नाव पडलं) जपानच्या योशिझुमी इशिनो यांच्या गटाने 1987 मध्ये नोंदवले, स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका यांनी त्यांचा अर्थ लावायला वर्षं घालवली, 2012 मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिये यांनी कॅस9 हवं तिथे वळवून कापता येतं हे दाखवलं, लिथुएनियाचे विर्गिनियस शिक्शनिस त्याच वर्षी तिथेच पोचले होते पण त्यांचा पेपर एका जर्नलने नाकारल्यामुळे मागे पडला, आणि जानेवारी 2013 मध्ये फेंग झांग आणि जॉर्ज चर्च यांच्या गटांनी माणसाच्या पेशींमध्ये ते करून दाखवलं. 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल डाउडना आणि शार्पेंटिये यांना.

2016 मध्ये झांग यांच्याच संस्थेचे, म्हणजे अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचे तेव्हाचे प्रमुख एरिक लँडर यांनी याचा इतिहास लिहिला, त्यात झांग यांना ठळक जागा मिळाली आणि डाउडना यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाशी चाललेल्या क्रिस्पर पेटंटच्या भांडणात ब्रॉड स्वतः पक्षकार आहे हे लेखात सांगितलेलंच नव्हतं म्हणून बरीच टीका झाली. नामांकित जर्नलमधला लेख होता तरी! म्हणून संदर्भ घेताना लिहिणारा कुठे बसलाय ते बघा. पेटंटबद्दलचं कुठलंही वाक्य तारखेशिवाय लिहू नका: अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रॉडच्या बाजूने दिलेला निर्णय मे 2025 मध्ये अपील कोर्टाने फेरविचाराला परत पाठवला, आणि "ब्रॉड जिंकलं" असं लिहिलेली पानं अजून तशीच आहेत. दिसली की दुरुस्त करा, संदर्भ जोडायला विसरू नका.