मेडिकलची यादी लागेपर्यंतचे दिवस कसे काढायचे?

प्रश्न : नीटचा निकाल लागून दीड महिना झाला, राज्याची पहिली यादी अजून यायची आहे. मार्क काठावरचे आहेत. दर दहा मिनिटांनी साइट उघडतो. रात्री झोप लागत नाही आणि ड्रॉप घेऊन, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट द्यायचा अभ्यास सुरू करावा म्हटलं तर तेही होत नाही. लोक विचारतात तेव्हा काय सांगावं कळत नाही. नागपूरला राहतो. हे दिवस कसे काढायचे?

उत्तर :

तुला ‘तू’च म्हणते, चालेल ना? दोनच वर्षं झाली मला या सगळ्यातून जाऊन, आणि मीही नागपूरचीच, मानेवाड्याची.

तू दर दहा मिनिटांनी साइट उघडतोस. मी पाच मिनिटांनी उघडायची. मोबाइल उशीखाली ठेवायची, कूलरच्या आवाजात मेसेजची टिंग ऐकू येणार नाही म्हणून तो हातात धरून झोपायची. झोपायची म्हणजे पडून राहायची.

माझं वर्ष २०२४ चं. पेपर ५ मेला झाला, निकाल १४ जूनला लागायचा होता तो ४ जूनलाच लागला. ६७ जणांना ७२० पैकी ७२०. मग पेपरफुटीच्या बातम्या, १५६३ मुलांना वाढवून दिलेले ग्रेस मार्क, त्यांची २३ जूनला पुन्हा परीक्षा, सुप्रीम कोर्टातल्या सुनावण्या. दीड-दोन महिने कुणालाच सांगता येत नव्हतं की झालेली परीक्षा टिकणार की सगळ्यांना पुन्हा बसावं लागणार. पुस्तक उघडलं की वाटायचं, परीक्षा टिकली तर हे कशाला वाचून राहिले? मिटलं की वाटायचं, पुन्हा झाली तर? त्यामुळं अभ्यास होत नाही असं तू लिहिलंस ते मला नीट समजतं. तो आळस नाही. दोन विरुद्ध कामांची तयारी एकाच डोक्यानं एकाच वेळी करता येत नाही.

२३ जुलैला कोर्टानं सांगितलं, फेरपरीक्षा नाही. सुटले असं वाटलं, पण त्याच निकालात फिजिक्सच्या एका प्रश्नाचाही निवाडा होता. त्याची दोन उत्तरं बरोबर धरली होती. दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांचं मत घेऊन कोर्टानं एकच बरोबर ठरवलं, आणि मी दुसऱ्यावर खूण केली होती. चार मार्क गेले, वर चुकीचा एक वजा. २६ जुलैला सुधारित निकाल लागला तेव्हा ७२० वाल्यांची संख्या १७ वर आली होती आणि माझे पाच मार्क कमी झाले होते. जूनमध्ये बरोबर असलेलं उत्तर जुलैमध्ये चूक झालं. काठावर उभ्या असलेल्या मुलीसाठी पाच मार्क म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

आता जे मला खरंच सांगायचं आहे ते.

त्याच आठवड्यात एका रात्री पावसानं आमच्याकडची लाइन गेली. कूलर बंद पडला, घरात बसवेना, म्हणून आम्ही सगळे अंगणात येऊन बसलो. बाबा हिंगणा एमआयडीसीत लेथवर आहेत. बेसा भागात आमचा एक छोटा प्लॉट आहे, दादाच्या आणि माझ्या लग्नासाठी म्हणून ठेवलेला. माझ्या मनात महिनाभर एकच भीती होती : सरकारी कॉलेज नाही लागलं तर बाबा तो प्लॉट विकतील आणि मला प्रायव्हेटला घालतील, आणि मग सगळ्या घराचं ओझं माझ्या डोक्यावर. हे मी कुणाशी बोलले नव्हते. अंधारात चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल, विचारून टाकलं. ‘बाबा, सरकारीत नाही लागला तर?’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘प्रायव्हेट आपल्याले झेपत नाही, बेटा. प्लॉट विकला तरी दोन वर्षाची फी निघन, मग पुढं काय? तुले अजून एक वर्ष द्यायचं असन तर दे, मी नाही म्हणत नाही. पण प्रायव्हेट नाही.’

मी रडले. आणि त्या रात्री पाच-सहा आठवड्यांत पहिल्यांदा सलग झोपले.

नंतर विचार केला तेव्हा कळलं की मला ज्याचा त्रास होत होता, त्यातलं निम्मं यादीत नव्हतंच, ते आमच्या घरात होतं. यादी सीईटी सेल, म्हणजे राज्यातले प्रवेश बघणारं सरकारी कार्यालय, लावेल तेव्हाच लागेल, त्यापुढं आपलं काही चालत नाही. पण नाही लागला तर घरचे काय म्हणतील, पैसे आहेत की नाहीत, ड्रॉपला हो म्हणतील का, आई किती मनाला लावून घेईल, या सगळ्याची उत्तरं तेव्हाही होती. फक्त कुणी कुणाला विचारत नव्हतं. वाईट उत्तर मिळालं तरी चालतं, ते डोक्याला पुन्हा पुन्हा कुरतडत नाही.

दुसऱ्या दिवशी दादानं कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या मागं आम्ही सगळं लिहून काढलं. महाराष्ट्रात कुठंही सरकारी एमबीबीएस मिळालं, नंदुरबार असो की सिंधुदुर्ग, तर जायचं, आईनं रडायचं नाही. (आई लगेच रडली.) सरकारी बीडीएस मिळालं तर घ्यायचं का यावर दोन दिवस वाद झाला. मला दातांच्या कामात मन नव्हतं, म्हणून शेवटी नाही ठरलं. आयुर्वेदाच्या प्रवेशाचा गट वेगळा आणि त्याचं वेळापत्रक मागून येतं, तो रस्ता उघडा ठेवायचा. आणि काटोलचे मामा, ज्यांचा संत्र्याचा बगीचा आणि चार गाई आहेत, ते फोनवर म्हणाले, ‘ढोरांच्या डॉक्टरचा फॉर्म भरला का? काहून नाही भरला? भरल्यानं काय होते?’ बीव्हीएससीचे प्रवेशही नीटच्याच मार्कांवर होतात, पण त्याचा अर्ज पशुवैद्यक विद्यापीठाकडं, म्हणजे आपल्या नागपूरच्याच माफसूकडं वेगळा करावा लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मामांमुळं भरला. तूही असे वेगळे फॉर्म कुठले आहेत ते शोध. त्यांच्या शेवटच्या तारखा मेडिकलच्या यादीसाठी थांबत नाहीत.

फॉर्मवरच्या कॉलेजांच्या पसंतीक्रमाबद्दल एक गोष्ट, कारण मी स्वतः चुकणार होते. ‘आपल्याला कुठं मिळू शकतं’ असा अंदाज बांधून कॉलेजं लावू नकोस. जिथं जायचं आहे ती वर, एवढा सरळ हिशेब ठेव. वरच्या ठिकाणी नंबर लागला नाही म्हणून खालचं कॉलेज हातचं जात नाही. आपल्या नागपूरची दोन सरकारी कॉलेजं, मेडिकल आणि मेयो, तुला हवी असतील तर तीच आधी टाक. दुसरं, स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म, म्हणजे मिळालेली जागाच ठेवतो असं लिहून देणं. पहिल्या फेरीत काही मिळालं आणि तो भरून दिलास तर पुढच्या फेऱ्यांतून तू बाहेर. घाबरून, हातचं जाईल म्हणून तो भरून टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. वाटेत सही करायची ती गोष्ट नाही, घरी बसून ठरव.

आणि पहिल्या यादीत नाव नसलं तर ते शेवटचं नाही. सरकारी कॉलेजांतल्या पंधरा टक्के जागा देशपातळीवरून भरतात, पंच्याऐंशी टक्के राज्यातून. वरच्या नंबरची मुलं तिकडं किंवा एम्सला निघून जातात, कुणी कॉलेज बदलतं, आणि यादी खाली सरकत राहते. किती सरकेल याचा अंदाज सांगणारे मोबाइलवर शंभर भेटतील. मी सगळ्यांचे अंदाज वाचायची. दिवसभरात तीन वेगवेगळे भविष्य ऐकलेला माणूस रात्री झोपेल कसा? शेवटी त्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडले, आणि त्याचा मला पश्चात्ताप झाला नाही.

साइट बघायचं काम दादाला दिलं. सकाळी एकदा, रात्री जेवण झाल्यावर एकदा. नवी नोटीस असेल तर सांगायची, नसेल तर काही बोलायचं नाही. पहिले तीन दिवस माझा हात शिवशिवायचा. मग सवय झाली. हे तुझ्या घरी कुणी करेल का ते बघ. बहीण, मावसभाऊ, मित्र, कुणीही चालेल, पण ज्याचा स्वतःचा नंबर लागायचा आहे तो नको.

लोकांचं सांगते. ‘लागला का नंबर?’ हा प्रश्न मला कमी आणि आईला जास्त यायचा. ती डबे करते, दिवसातून पंधरा माणसं दारात येतात. प्रत्येकाला ती पहिल्यापासून सगळं सांगायची आणि संध्याकाळपर्यंत थकून जायची. मग आम्ही एक वाक्य ठरवलं : ‘यादी अमक्या तारखेला आहे, लागली की आम्हीच सांगू.’ तेवढंच बोलायचं आणि डब्याचं विचारायचं. तारीख पुढं गेली (ती जातेच) की वाक्यातली तारीख बदलायची. लोक वाईट नसतात. त्यांना बोलायला काहीतरी हवं असतं, ते आपण दिलं की थांबतात.

मी तेव्हा मेडिकल चौकाजवळच्या खोल्यांवर डबे पोहोचवायची. तिथं राहणारी मुलं एप्रन खांद्यावर टाकून जिना उतरायची आणि मी खाली डबा घेऊन उभी. दोन आठवडे स्वतःला म्हटलं, यानं हिंमत वाढेल. वाढली नाही. मग आईला सांगितलं की तो रस्ता दादाला दे, मी नंदनवनकडचे डबे नेते. जिथं दुखतं तिथं रोज जाऊन उभं राहायला पाहिजे असं काही नाही. तुझेही असे रस्ते असतील, क्लाससमोरचा चौक, एखाद्या मित्राचं स्टेटस. काही दिवस टाळ खुशाल. पण घरात कोंडून मात्र घेऊ नकोस. अंगाला काम लाव, कुठलंही. मला डब्यांनी वाचवलं, पुस्तकांनी नाही.

ड्रॉपचा निर्णय आत्ता घेऊच नकोस. घरी फक्त एवढं विचारून ठेव की वेळ आली तर तो रस्ता आहे की नाही. बाकी शेवटच्या फेरीनंतर बघ.

या काळात ‘सीट पक्की करून देतो’ असे फोनही येतील. आमच्या ओळखीतल्या एका घरानं अशाच एका माणसाला रोख पैसे दिले. ना जागा मिळाली, ना पैसे परत आले. घाबरलेल्या आईबापांनाच हे लोक शोधतात. बाबांना आधीच सांगून ठेव की असा फोन आला तर ठेवून द्यायचा.

पहिली यादी आमच्या वेळी पोळ्याच्या तोंडावर लागली आणि तीत माझं नाव नव्हतं. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दादानं मला ओढत इतवारीत नेलं. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले मोठाले पुतळे, समोरासमोर येतात तिथं एवढी गर्दी की श्वास घ्यायला जागा नाही. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं सगळे ओरडत होते, मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. काय काय घेऊन जा म्हणून ओरडले ते आठवत नाही. त्यानं यादी बदलली नाही, पण घरी आल्यावर दोन वाट्या वरणभात खाल्ला, हे आईच्या अजून लक्षात आहे.

दुसऱ्या यादीत नाव आलं नाही. तिसरी माझ्या नंबरच्या थोडी आधी थांबली. एमबीबीएसला माझा नंबर लागला नाही, तुझ्यापासून हे लपवणार नाही. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात लागला, मामांनी भरायला लावलेल्या त्या फॉर्मवर. साडेपाच वर्षांचा कोर्स, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. आता दुसऱ्या वर्षाला आहे. मेडिकल चौकातून जाताना अजूनही कधी कधी पोटात हलतं. आणि पहिल्यांदा गाईच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकले, तेव्हा मी मामांना तिथूनच फोन केला होता. दोन्ही खरं आहे.

झोप अशीच लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर १४४१६ ला फोन कर. टेलिमानसची सरकारी सेवा आहे, फुकट, रात्रीअपरात्री चालते, मराठीत बोलता येतं. यादी लागायची वाट बघू नकोस, त्याच रात्री कर.

आणि कागदं बघून घे. जात वैधता, नॉन-क्रिमीलेयरची मुदत, डोमिसाइल, यातलं जे लागू असेल ते मूळ आणि प्रती एका फाइलमध्ये लावून ठेव. नाव आल्यावर हातात दिवस थोडे असतात.

घरी विचारायचं आज जेवताना विचार. ‘नाही लागला तर?’ एवढंच. बाबा रागावतील कदाचित, ‘आत्ताच असं काय बोलतोस’ म्हणतील. म्हणू दे, उद्या पुन्हा विचार. मी विचारलं त्याच्या आधी महिनाभर माझे बाबाही रात्री जागेच असायचे, प्लॉटचे कागद काढून बघायचे आणि परत ठेवायचे. हे मला आईनं पार दिवाळीत सांगितलं.