कॉलनीतल्या रस्त्यावर स्पीडब्रेकर हवा की नको?

तुमच्या प्रश्नात म्हटलंय की पुण्यातल्या तुमच्या कॉलनीत स्पीडब्रेकरवरून दोन तट पडलेत. शाळकरी मुलांचे पालक म्हणतात हवाच, पाठदुखीवाले आणि कोपऱ्यावरच्या घरातले म्हणतात मुळीच नको. कोथरूडमध्ये आमच्या गल्लीत हाच वाद झाला आणि मी त्यात पहिल्या बैठकीपासून होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेग कमी व्हायलाच हवा, याबाबत माझ्या मनात शंका नाही. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते. समोर मूल आलंय हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. ताशी ३० ने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे ५० वाल्याचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो.

पण विरोध करणाऱ्यांचा त्रासही खराच आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी स्पीडब्रेकर म्हणजे उरलंसुरलं डांबर ओतून केलेला उंचवटा. आमच्या गल्लीतल्याला टेप लावली, तर रुंदी जेमतेम दोन फूट आणि उंची सहा इंचांच्या आसपास. रिक्षातल्या आजी तो आला की दांडी दोन्ही हातांनी धरून सीटवरून अर्ध्या उठायच्या. रात्री रिकामा टेम्पो गेला की मागचा फाळका असा आदळायचा की लगतच्या घरात झोपमोड ठरलेली. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून कडेला हातभर फट सोडली होती. दुचाक्या वेग जराही कमी न करता त्या फटीतून निघायच्या, आणि फुटपाथवर गाड्या लावलेल्या असल्यामुळे मुलंही नेमकी तिथूनच चालायची. म्हणजे ज्यांच्यासाठी तो केला, त्यांच्याच अंगावर गाडी आणून सोडत होता.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने याचं माप केव्हाच ठरवून दिलंय: गाडी जाते त्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, माथा गोलाकार. अशा स्पीडब्रेकरवरून ताशी २५ च्या आसपास त्रास न होता जाता येतं. हा आकार १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या चाचण्यांतून आला आणि त्यामागचं कारण तुमच्या बैठकीत जरूर सांगा. अरुंद, उंच उंचवट्यावर हळू जाणाऱ्यालाच दणका जास्त बसतो. वेगाने जाणाऱ्या मोटारीत तो बराचसा टायर आणि स्प्रिंग गिळून टाकतात. रुंद उंचवट्यावर अख्खी गाडी वर उचलली जाते, त्यामुळे जितका वेग जास्त तितकं आत बसलेल्याला नकोसं होतं. शिक्षा बरोबर माणसाला होते.

बोल्टने ठोकलेल्या काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या मला अजिबात मान्य नाहीत. त्या अरुंद तर असतातच, वर काही महिन्यांत तुकडे निघून जातात आणि बोल्ट रस्त्यात तसेच उभे राहतात. रम्बलर, म्हणजे ओळीने टाकलेल्या कमी उंचीच्या पट्ट्या, त्याही घरांजवळ नकोत, आवाज असह्य होतो.

आणि स्पीडब्रेकर हा एकच उपाय नाही. शाळेच्या दारात झेब्रा क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला आणता येतं. त्याचा माथा सपाट ठेवून दोन्हीकडे हलका उतार दिला की मुलं वर आणि गाडी चढून जाणार. तुमच्या गल्लीचा कोपरा ऐसपैस गोल असेल तर गाड्या मुख्य रस्त्यावरचा वेग तसाच घेऊन आत वळतात. तो कोपरा आवळला तर वळताना हळू व्हावंच लागतं. कोपऱ्यावरच्या घरातल्यांना हे पटण्याची शक्यता जास्त, कारण यात दणका नाही.

भांडण्याआधी वेग मोजा. रस्त्यावर खडूने ५० मीटर अंतराच्या दोन रेघा मारा आणि मोबाइलवर वेळ घ्या. सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३०, साडेचार लागले तर ४०. सकाळी शाळेच्या वेळी आणि रात्री दहानंतर, असं दोन्ही वेळा मोजा. आमच्याकडे याच आकड्यांमुळे आवाज खाली आले, कारण गल्लीतलेच लोक भरधाव जाताना दिसले. तोवर सगळा दोष बाहेरून शॉर्टकट मारणाऱ्यांचा, असंच सगळे धरून चालले होते.

मग क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, प्रत वाहतूक पोलिसांना. नुसतं ‘गतिरोधक बसवावा’ लिहू नका. माप लिहा, पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक मागा, दिव्याच्या खांबाजवळची जागा सुचवा. वळणावर नको आणि कुणाच्या बेडरूमच्या खिडकीखाली नको, हेही त्यात घाला. काम होताना एक जण टेप घेऊन तिथे थांबा, डांबर गरम आहे तोवरच दुरुस्ती होते. आणि अर्जावर विरोधकांच्या सह्या घ्यायला आधी जा. ‘माप पाळलं तर आमची हरकत नाही’ एवढं त्यांच्याकडून लिहून मिळालं, तरी तुमचा अर्ज कॉलनीतल्या एका गटाचा राहत नाही.